वार्धक्यातील नैराश्य आणि प्रश्नांची चाळण

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेले एखादे गृहस्थ डोळ्यांसमोर आणावेत. पहाटे फिरायला जाण्याचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता त्यांनी गेल्या काही महिन्यांत मोडला आहे. वर्तमानपत्र येते, पण त्याची घडीसुद्धा न मोडता ते संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहते. रात्री दोनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. ताटात अर्धी पोळी उरते. आणि खोदून विचारले तर 'गुडघे दुखतात' यापलीकडे उत्तर मिळत नाही. डॉक्टर झाले, रक्त तपासून झाले, साखर जरा वाढलेली निघाली म्हणून गोळी बदलून झाली, आणि अखेर 'वयोमानाप्रमाणे चालायचंच' या वाक्यावर घरच्यांनी प्रकरण दप्तरदाखल करून टाकले. कोडे येथेच सुरू होते. या गृहस्थांची प्रत्येक तक्रार वार्धक्याने होऊ शकते, मधुमेहाने होऊ शकते, संधिवाताने होऊ शकते, आणि वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्य म्हणते त्या आजारानेही होऊ शकते. पैकी पहिल्या तिहींचा माग नाडीत, रक्तात वा क्ष-किरणांच्या छायाचित्रात कुठे ना कुठे लागतो. चौथ्याचा लागत नाही. त्याचा पत्ता माणसाच्या बोलण्यातूनच काढावा लागतो, आणि बोलणे हीच तर या माणसाने सोडून दिलेली गोष्ट असते.

या अडचणीवर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जो उपाय निघाला तो दिसायला अगदीच बाळबोध आहे : ठरावीक प्रश्नांची एक यादी करावी, सर्वांना ते प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत, उत्तरांना गुण द्यावेत आणि बेरीज करावी. अशा याद्या आता डझनावारी उपलब्ध आहेत. त्यांतली कोणती ज्येष्ठांसाठी चांगली, आणि 'चांगली' म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी प्रथम एका विलक्षण तफावतीकडे पाहू.

माणसे तीच, आकडे तीन

मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभरातील पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक लोकांची एक पाहणी केली. 'लासी' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. तीत साठी ओलांडलेल्यांना विचारले की, तुम्हांला नैराश्य असल्याचे कोणा डॉक्टरने आजवर सांगितले आहे काय. होय म्हणणारे निघाले ०.८ टक्के. त्याच लोकांना नैराश्याच्या निदानाच्या निकषांवर बेतलेले प्रमाणित प्रश्न विचारले, तेव्हा हा आजार संभवतो अशांचे प्रमाण ८.३ टक्के भरले, म्हणजे दहापट. आणि याच पाहणीत, याच मंडळींना, गेल्या आठवडाभरातील मनःस्थितीविषयी दहा प्रश्नांची एक निराळी यादी लावली, तेव्हा उंबरठा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्याही पुढे गेले.

यांपैकी खरा आकडा कोणता, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे; परंतु तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पहिल्याने डॉक्टरांपर्यंत पोहोचून ओळखले गेलेले लोक मोजले, दुसऱ्याने आजाराच्या व्याख्येत बसणारे मोजले, आणि तिसऱ्याने दुःखाची, काळजीची, एकटेपणाची झळ लागलेले सगळेच मोजले. प्रश्नावलीने आलेला आकडा त्या प्रश्नावलीचे नाव आणि तिचा उंबरठा यांच्यासकटच वाचावयाचा असतो. 'इतके टक्के ज्येष्ठ नैराश्यग्रस्त' अशी ठळक बातमी ज्या दिवशी छापून येते, त्या दिवशी हा तपशील सहसा मजकुराबाहेर राहतो.

चाळणे निराळे, निवडणे निराळे

दळणाचे गहू करताना दोन कामे असतात. आधी चाळण फिरवायची, मग ताट पुढ्यात घेऊन निवडायचे. चाळणीची भोके मोठी असली, तर मोठे खडे तेवढे वर अडकतात आणि गव्हाएवढा खडा गव्हाबरोबर खाली निसटतो. भोके बारीक असली, तर लहान खडाही सुटत नाही, पण त्याच्या संगतीने टपोरा गहूही वर अडकून बसतो आणि निवडण्याचे काम वाढते. प्रश्नावली ही अशी चाळण होय. बेरीज अमुक आकड्याच्या वर गेली की माणूस 'अडकला' असे आपण जे ठरवतो, तो आकडा म्हणजे भोकाचे माप. त्यालाच येथे उंबरठा म्हटले आहे. अडकलेल्यांपैकी खरोखर आजारी कोण, हे ठरवणे म्हणजे निवडणे. आणि ते काम तज्ज्ञाने समोर बसून, वेळ देऊन, पूर्वेतिहास विचारून करावयाचे असते. चाळणीने निवडण्याचे काम केले अशी समजूत करून घेणे हा या विषयातला सर्वांत प्रचलित घोटाळा आहे.

चाळणीचा कस दोन मापांनी लावतात. खरोखर आजारी असलेल्या शंभरांपैकी ती किती जणांना अडवते, हे पहिले माप. त्याला संवेदनक्षमता म्हणतात. आजारी नसलेल्या शंभरांपैकी ती किती जणांना विनासायास खाली सोडते, हे दुसरे. त्याला विशिष्टता म्हणतात. उंबरठा खाली आणला की पहिले माप वाढते व दुसरे घटते. वर नेला की उलट होते. दोन्ही एकाच वेळी हवी तितकी वाढवता येत नाहीत.

आता थोडा हिशेब करू, कारण येथे भल्याभल्यांची गफलत होते. पुढे जिचे वर्णन येणार आहे त्या नऊ प्रश्नांच्या यादीची, तिच्या कर्त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली, दोन्ही मापे ८८ टक्के होती. ऐकायला हा निकाल प्रथम श्रेणीचा वाटतो. समजा, एखाद्या शहरातील एक हजार ज्येष्ठांना ती यादी लावली आणि त्यांत खरे आजारी ८० आहेत. ८० पैकी सुमारे ७० जण अडकतील, १० निसटतील. उरलेल्या ९२० निरोगी लोकांपैकी बारा टक्के, म्हणजे सुमारे ११०, विनाकारण अडकतील. एकूण अडकले १८०, आणि त्यांत खरे आजारी ७०. म्हणजे शंभरात एकोणचाळीस. हीच यादी, तोच उंबरठा, एखाद्या रुग्णालयात नेला, जेथे हजारात ३०० जण खरोखर आजारी आहेत, तर तेथे २६४ खरे आणि ८४ खोटे अडकतील, आणि अडकलेल्या शंभरांतील शहात्तर खरे निघतील. चाळणीत काडीचाही फरक पडलेला नाही, धान्य बदलले. म्हणूनच रुग्णालयात सिद्ध झालेली प्रश्नावली जशीच्या तशी वस्तीत नेणे आणि तिच्या निकालावर विसंबणे धोक्याचे ठरते.

याद्यांची वंशावळ

अमेरिकेत १९६१ साली एरन बेक यांनी एकवीस बाबींची यादी तयार केली, ती दीर्घकाळ या क्षेत्रात प्रमाण मानली गेली. १९७७ साली लेनोर रॅडलॉफ यांची वीस प्रश्नांची 'सीईएस-डी' आली. ती मुळात लोकसमूहाच्या पाहणीसाठी होती, आणि लासी पाहणीतील दहा प्रश्न तिचेच संक्षिप्त रूप. या याद्या सर्व वयांच्या प्रौढांसाठी रचल्या होत्या. झोप, भूक, थकवा यांना त्यांत गुण होते. आणि तेथेच म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत अडखळायला झाले, कारण सत्तरीच्या माणसाची झोप कमी असणे याचा अर्थ चाळिशीच्या माणसाची झोप उडणे याच्याशी जुळत नाही.

जेरोम येसावेज, टी. एल. ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच अडचणीला उत्तर म्हणून १९८२-८३ च्या सुमारास 'जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल', संक्षेपाने जीडीएस, प्रसिद्ध केली. ती करताना त्यांनी दोन धाडसी निर्णय घेतले. एक, शरीराच्या तक्रारींचे प्रश्न सरसकट वगळले. दोन, 'कधी कधी', 'बहुधा', 'नेहमी' अशा पायऱ्या काढून टाकून प्रत्येक प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढीच मुभा ठेवली. मूळ प्रश्न तीस. १९८६ साली जावेद शेख आणि येसावेज यांनी त्यांतून पंधरा निवडून छोटी आवृत्ती केली, आणि आज जगभर वापरात आहे ती बहुधा हीच. पंधरांपैकी दहा प्रश्नांना 'हो' म्हटल्यास गुण मिळतो आणि पाच प्रश्नांना 'नाही' म्हटल्यास. सगळ्यालाच होकार देत सुटणाऱ्याची बेरीज फुगू नये, ही त्यामागची युक्ती.

२००१ साली कर्ट क्रोएन्के, रॉबर्ट स्पिट्झर आणि जॅनेट विल्यम्स यांनी 'पीएचक्यू-९' प्रसिद्ध केली. हिची रीत पार वेगळी. मानसोपचारतज्ज्ञ नैराश्याचे निदान ज्या नऊ लक्षणांवर करतात, तीच नऊ लक्षणे येथे नऊ प्रश्न होऊन आली, आणि गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झाले, असे प्रत्येकाविषयी विचारून शून्य ते तीन गुण देण्याची व्यवस्था झाली. तिचे पहिले दोन प्रश्न, एक रस वाटेनासा झाल्याबद्दल आणि दुसरा उदास वाटण्याबद्दल, स्वतंत्रपणेही विचारतात, ती 'पीएचक्यू-२'.

> चौकट : कोणती यादी काय विचारते?
>
> जीडीएस-१५ : पंधरा प्रश्न, हो-नाही, मुदत गेला आठवडा. ५ किंवा अधिक गुण आल्यास पुढे तपासावे. शरीराविषयी प्रश्न नाही. आत्महत्येच्या विचाराविषयीही नाही. वापरास विनामूल्य.
>
> पीएचक्यू-९ : नऊ प्रश्न, २७ पैकी गुण, मुदत दोन आठवडे. रूढ उंबरठा १०. शेवटचा प्रश्न मरणाच्या अथवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. वापरास विनामूल्य.
>
> पीएचक्यू-२ : वरीलपैकी पहिले दोन, ६ पैकी गुण, मूळ उंबरठा ३. केवळ प्राथमिक चाळणी.
>
> सीईएस-डी : वीस प्रश्न, ६० पैकी गुण, मुदत एक आठवडा, रूढ उंबरठा १६. पाहणीसाठी सोयीची.
>
> कॉर्नेल मापन (१९८८) : एकोणीस बाबी. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी, रुग्णाबरोबर त्याची देखभाल करणाऱ्यालाही विचारून भरतात.

शेवटच्या मापनाची गरज का पडते, ते एका वाक्यात सांगता येईल : ज्याला गेला आठवडा आठवतच नाही, त्याला गेल्या आठवड्याविषयी विचारून हाती काही लागत नाही. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेल्यावर जीडीएसची उत्तरे विश्वासार्ह राहत नाहीत.

'हो' म्हणजे फिर्याद

आतापर्यंतचे विवेचन जगात कोठेही लागू पडावे असे होते. आपल्या घरांत शिरल्यावर मात्र मामला निराळे वळण घेतो, आणि माझ्या मते याद्यांची खरी तुलना येथेच होते.

विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी वार्धक्यातील मनोविकारांबद्दल गोव्यातील लोकांची काय समजूत आहे, हे समूहचर्चांतून जाणून घेतले आणि ते निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. लक्षणे लोकांच्या चांगल्या परिचयाची होती. पण हा एखादा आजार आहे, असे कोणी मानत नव्हते. विसरणे हा वयाचा धर्म समजला जाई, आणि म्हातारपणाच्या अशा अवस्थांचे खापर मुलांकडून होणारी हेळसांड, छळ किंवा मायेचा दुष्काळ यांवर फुटे. या एका निरीक्षणात प्रश्नावलीच्या अर्ध्या अपयशाचे कारण दडलेले आहे. खिन्नता ही मुलाच्या कर्तव्यच्युतीचे फळ असेल, तर 'तुम्हांला असहाय वाटते काय' या प्रश्नाला 'हो' म्हणणे हे लक्षण सांगणे राहत नाही. ती मुलाविरुद्ध दिलेली जबानी होते.

प्रसंग असा घडतो. बैठकीच्या खोलीत प्रश्न विचारणारी मुलगी कागद घेऊन बसलेली, शेजारी मुलगा, स्वयंपाकघराच्या दारात सून. आजोबांना विचारले जाते की, आयुष्य रिकामे वाटते का. आजोबा मुलाकडे न पाहता म्हणतात, "छे, छे, सगळं व्यवस्थित आहे. मुलगा-सून दोघंही सोन्यासारखे आहेत." मग क्षणभर थांबून, "फक्त या गुडघ्यांनी वैताग आणलाय." पुष्कळदा तर आजोबांना तोंड उघडण्याची संधीच मिळत नाही, "बाबांना काय कमी आहे?" असे उत्तर परस्पर कागदावर जाते. कागदावर बेरीज येते दोन. जी यादी शरीर वगळून केवळ मनाविषयी विचारते, तिचा पाश्चात्त्य देशांतला गुण आपल्या बैठकीच्या खोलीत अवगुण होऊन बसतो, कारण आपल्याकडील वृद्धाला मनाचे बोलण्याची मुभा नसते व शरीराचे बोलण्याची असते.

तर मग पीएचक्यू-९ बरी म्हणावी काय? तिचीही कैफियत ऐकून घेतली पाहिजे. प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री चार वेळा उठावे लागणारे एक आजोबा आहेत : झोपेच्या प्रश्नाला ३ गुण. हृदय अशक्त, दोन पावलांत दम लागतो : थकव्याला ३. कवळी सैल झाल्यामुळे जेवण नकोसे झाले आहे : भुकेला ३. कंपवातामुळे हालचाली मंदावल्या आहेत : मंदपणाच्या प्रश्नाला ३. बेरीज १२ झाली, उंबरठा १० चा केव्हाच ओलांडला, आणि हे आजोबा कदाचित नातवाशी पत्ते खेळण्यात पूर्ण रमलेले असतील. म्हणून नुसत्या बेरजेवर न जाता पहिल्या दोन प्रश्नांचे गुण अलग पाहावेत, हा दंडक आहे. रस गेला आहे किंवा उदासी आहे, यांपैकी एक तरी असल्याखेरीज निदानाच्या नियमांनुसारही नैराश्य ठरत नाही. थोडक्यात, एक यादी रुग्णालयाच्या वॉर्डात नको तितके लोक अडवते आणि दुसरी घरच्या बैठकीत हवे ते लोक सोडून देते.

काही प्रश्नांची गंमत आणखी निराळी आहे. बाहेर जाऊन काही नवे करण्यापेक्षा घरीच राहणे तुम्हांला आवडते का, असा एक प्रश्न जीडीएसमध्ये आहे, आणि 'हो' म्हटल्यास गुण मिळतो. नाशिकच्या भद्रकालीजवळच्या एखाद्या जुन्या वाड्याचा अंधारा, उभा, दोरी धरून चढायचा लाकडी जिना ज्या आजीबाईंना रोज दिसतो, त्यांना घरी राहणेच आवडणार. त्यांच्या मनाला काही झालेले नाही, जिन्याला झाले आहे. आता जिवंत असणे छान वाटते का, असाही एक प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्याकडच्या बायका हमखास म्हणतात, "आता काय, पांडुरंगानं लवकर न्यावं." यादीच्या हिशेबी हा सरळ एक गुण झाला. परंतु हे वाक्य म्हणून लगेच नातवाला कोंडाजीचा चिवडा आणायला पिटाळणारी आजी आणि हेच वाक्य भिंतीकडे तोंड करून म्हणणारी, वेणी घालायचे सोडलेली, देवाजवळ दिवा लावायचे विसरू लागलेली आजी या दोघींत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कागदावर ते अंतर उमटत नाही. विचारणाऱ्याच्या डोळ्यांना ते दिसावे लागते.

अक्षरओळखीचाही प्रश्न आहे. 'निम्म्याहून अधिक दिवस' आणि 'जवळजवळ रोज' यांतील भेद ज्याने आयुष्यात कधी तक्ता भरलेला नाही त्याला पटकन उमगत नाही. दोन आठवडे म्हणण्याऐवजी 'मागचे दोन बाजार' म्हटले, तर मुदत चटकन ध्यानात येते. हरियाणातील बल्लभगड येथे मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीडीएसची हिंदी आवृत्ती तेथील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी बेतून १९९९ साली प्रसिद्ध केली. अशा कामाला महिनोन्‌महिने लागतात, आणि कार्यालयात बसून एका दुपारी शब्दाला शब्द ठेवून केलेल्या तर्जुम्याला त्याची सर येत नाही.

गोव्यातील पडताळा

वेगवेगळ्या याद्या एकाच लोकांना लावून त्यांची समोरासमोर तुलना करण्याचे काम आपल्या शेजारी, गोव्यात, झालेले आहे. पटेल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक आरोग्यसेवेसाठी आलेल्या ५९८ रुग्णांना पाच प्रश्नावल्या लावल्या : बारा प्रश्नांची जीएचक्यू, पीएचक्यू, केस्लर यांच्या सहा व दहा प्रश्नांच्या दोन, आणि जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची एसआरक्यू. मग प्रत्येकाची तपशीलवार मुलाखत घेऊन खरे निदान काय ते ठरवले. हे रुग्ण सर्व वयांचे प्रौढ होते, आणि नैराश्याबरोबर चिंताविकारही मोजले होते, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. जीएचक्यू आणि एसआरक्यू किंचित सरस ठरल्या, परंतु पाचही याद्यांच्या कुवतीत फारसा फरक आढळला नाही. अडकलेल्या शंभर माणसांत खरे आजारी मात्र, यादीगणिक, ५१ ते ७७ एवढेच निघाले. अभ्यासकांनी शिफारस केली ती अमुक एक यादी वापरा अशी नसून, जेथे डॉक्टर व साधने तुटपुंजी आहेत तेथे उंबरठा जरा वर ठेवा, अशी होती. निवडणारे हात थोडे असतील तर चाळणीवर ढीग साचवून उपयोग नाही.

याच गोव्यात पुढे अमित डायस, पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळणीनंतर काय करावे, याचाही प्रयोग केला. साठ वर्षांवरील ज्यांना सौम्य लक्षणे आहेत, पण पुरता आजार जडलेला नाही, अशा १८१ जणांना बारा प्रश्नांच्या जीएचक्यूने हुडकून काढले. निम्म्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते गेले; त्यांनी अडचणी कशा सोडवाव्यात, झोप कशी सुधारावी, मधुमेहासारख्या दुखण्यात स्वतःची काळजी कशी घ्यावी, हे समजावले. वर्षभरात या गटातील ९१ पैकी ४ जणांना नैराश्य झाले. दुसऱ्या गटातील ९० पैकी १३ जणांना. २०१९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला या विषयातील सर्वांत आशादायक आकडे हेच वाटतात, आणि त्यांत मानसोपचारतज्ज्ञाची वाट पाहत बसण्याची गरज नव्हती, ही बाब विशेष.

आशाताईंच्या हातातील कागद

नाशिक जिल्ह्यात सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत आशा कार्यकर्त्या घरोघर जो तपासणी-फॉर्म भरतात, त्यात तिशीपुढील प्रत्येकाच्या कमरेचे माप, व्यसने, खोकला, गाठी यांच्या चौकशीबरोबर शेवटी पीएचक्यू-२ चे दोन प्रश्नही छापलेले आहेत. सहापैकी बेरीज तीनच्या वर गेल्यास त्या व्यक्तीला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे अथवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे, अशी त्यात सूचना आहे. मूळ कर्त्यांचा उंबरठा 'तीन किंवा अधिक' असा होता. सरकारी फॉर्ममध्ये तो 'तीनपेक्षा अधिक' झाला, म्हणजे भोक एका मापाने मोठे झाले. गोव्याच्या शिफारशीशी हे सुसंगतच आहे. पण नेमके तीन गुण मिळवणारी म्हातारी या फरकाने नजरेआड होते, हेही खरे. शिवाय शेकडो फॉर्म भरण्याचे ओझे डोक्यावर असलेल्या आशाताईंनी अंगणात, सगळ्यांच्या देखत, घाईघाईने विचारलेल्या प्रश्नाला आजीबाईंनी 'नाही गं बाई' म्हणून शून्य शून्य लिहायला लावले, तर त्यात नवल ते काय? दोष आशाताईंचा नव्हे. त्या प्रश्नाला जी फुरसत आणि जो आडोसा लागतो, तो फॉर्ममध्ये छापता येत नाही.

चाळण फिरवावी की नाही, यावर जगातही एकवाक्यता नाही. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०१६ साली सर्व प्रौढांची, ज्येष्ठांसह, चाळणी करावी असे सांगितले, पण पुढील निदान व उपचारांची व्यवस्था असेल तर, ही अट घातली. कॅनडातील तज्ज्ञमंडळाने २०१३ साली सरसकट चाळणी करू नये, असे मत दिले. वरवर परस्परविरुद्ध वाटणाऱ्या या दोन निर्णयांच्या मुळाशी एकच शंका आहे : अडकलेल्याचे पुढे काय?

मग कोणती घ्यावी?

माझा कौल असा. वस्तीत वा ज्येष्ठ नागरिक संघात जीडीएसचे पंधरा प्रश्न घ्यावेत. हो-नाहीची उत्तरे देणे सोपे जाते आणि दुखऱ्या शरीराचे गुण त्यांत मिसळत नाहीत. मात्र ते एकट्याला, घरच्यांपासून दूर विचारावेत, आणि जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का, हा प्रश्न त्यांना स्वतंत्रपणे जोडावा, कारण मूळ यादीत तो नाही. असे विचारल्याने तसा विचार मनात भरतो, ही भीती निराधार आहे. दवाखान्यात, जेथे डॉक्टर समोर आहे आणि शरीराच्या तक्रारी निवडून बाजूला काढू शकतो, तेथे पीएचक्यू-९ घ्यावी. दोन्ही ठिकाणी अडकलेल्या माणसाची थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी विसरू नये. त्यांची कमतरता नैराश्याचे सोंग हुबेहूब वठवते.

नाशिक शहरातील ज्येष्ठ नागरिक संघांना एक विनंती. रक्तदाब आणि साखर तपासण्याची शिबिरे आपण भरवताच. पुढच्या शिबिरात एक बंद दाराची खोली, दोन खुर्च्या आणि शांतपणे ऐकून घेणारा एक माणूस एवढी तजवीज करावी, आणि शिबिराची तारीख ठरवण्याआधी, उंबरठा ओलांडणाऱ्यांना कोणता डॉक्टर कोणत्या दिवशी पाहणार, हे ठरवून घ्यावे. ते ठरत नसेल तर शिबिर पुढे ढकलावे. आणि ज्या वाचकांच्या घरी वर्तमानपत्राची घडी न मोडणारे कोणी असेल, त्यांनी शिबिराची वाट पाहू नये : 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तो चोवीस तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.